केजीच्या माहेरी : थुरिंगियात पाच दिवस

बत्तीस वर्षं मी बालवाडीत काढली. त्याआधी शिक्षिका होण्यासाठी जी परीक्षा दिली, तिच्यात एक प्रश्न हमखास यायचा : 'फ्रोबेलच्या देणग्या व व्यवसाय स्पष्ट करा.' फ्रोबेल म्हणजे बालवाडीची कल्पना काढणारा जर्मन शिक्षक. देणग्या म्हणजे त्याने लहान मुलांसाठी केलेली खेळणी, व्यवसाय म्हणजे हातकामं. उत्तर अजून तोंडपाठ आहे. पहिली देणगी, लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी देणगी, लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. तिसरी, आठ तुकडे होणारा घन. चौथी, आठ विटा. पुढे पुढे पुढे. पूर्ण गुण मिळाले होते. पण त्यातली एकही देणगी मी हातात धरलेली नव्हती. आमच्या विद्यालयात पेटी होती म्हणे, पण ती कपाटात, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे हे दोन वर्षांत कळलं नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. भाची जर्मनीत, थुरिंगिया राज्यातल्या येनाला असते. ती म्हणाली, "मावशी, ये ना, नुसतं पॅरिस-स्वित्झर्लंड काय करायचं? तुझा तो फ्रोबेल इथून तासाभरावर राहायचा." मग काय! मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं निघालो : मी, भाची, जावई आणि त्यांचा चार वर्षांचा चिरंजीव. पुस्तकात 'फ्रोबेल यांनी' असं आदराने असायचं. ते पाच दिवस त्याच्या गावांतून हिंडल्यावर मला तसं म्हणवेना. म्हणून इथे एकेरीतच लिहिते आहे.

दिवस पहिला, मंगळवार : येना

येना म्हणजे भिंगांचं गाव. झाइसचे कारखाने इथलेच. पण माझी सकाळ गेली चिरंजीवांच्या बालवाडीच्या दारात. इथे तिला बहुतेक लोक 'किटा' म्हणतात. आत पालकांना फार वेळ थांबू देत नाहीत, पण दारातून जेवढं दिसलं तेवढं पुरे होतं. भिंतीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर नावाऐवजी चित्र, आणि तिथे टांगलेल्या रबरी विजारी. 'मात्शहोजे', म्हणजे चिखलाची विजार. पाऊस भुरभुरत होता आणि सगळी पोरं त्या विजारी चढवून बाहेर चिखलात. एकही पोर आत नाही! आमच्याकडे पावसाचा थेंब पडला की पहिला फोन पालकांचा, "मॅडम, आत घ्या हो त्यांना." अक्षरं कधी शिकवता असं मी भाचीकडून विचारून घेतलं. तिथल्या ताई हसल्या. अक्षरं शाळेत, वयाची सहा वर्षं झाल्यावर. इथे खेळायचं.

आपल्याकडे ज्युनियर केजीच्या प्रवेशाला मुलाखत असते हे मी त्यांना सांगितलं नाही. केजी हे 'किंडरगार्टन'चं लघुरूप, त्यात 'गार्टन' म्हणजे बाग आहे हे तरी किती पालकांना ठाऊक असेल?

दुपारी जुन्या विद्यापीठाची इमारत पाहिली, कोलेगियुम येनेन्से. मुळात तो डॉमिनिकन मठ. १७९९ मध्ये सतरा वर्षांचा फ्रोबेल येनात शिकायला आला. पैसे बेताचे. त्यातले काही भावाला उसने दिले, ते परत आले नाहीत, आणि खानावळीची उधारी तुंबली तीस थालर (तेव्हाचं जर्मन नाणं). विद्यापीठाला तेव्हा स्वतःचा तुरुंग असायचा. त्यात पठ्ठ्याने नऊ आठवडे काढले. वडील पाद्री, पण सोडवायला तयार नाहीत. शेवटी वारसाहक्कावर पाणी सोडलं तेव्हा सुटका झाली. माझ्या पाठ्यपुस्तकात ह्या नऊ आठवड्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. तिथे तो जन्मापासून थोर होता.

तिकिटाचं एक सांगून टाकते. 'डॉइचलांड टिकेट' घ्या. आम्ही गेलो तेव्हा महिन्याला ५८ युरो. देशभरातल्या साध्या गाड्या आणि शहरातल्या बस-ट्राम त्यावर चालतात, जलद आयसीई नाही. पण ते वर्गणीसारखं आहे. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. मी आल्या आल्याच रद्द करून टाकलं, चालू महिना तरीही वापरता येतो.

दिवस दुसरा, बुधवार : रुडोलश्टाट आणि बाड ब्लांकेनबुर्ग

झाले नदीच्या काठाकाठाने गाडी जाते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधूनमधून गढ्या, आणि मोहरीची पिवळी शेतं नुकतीच उतरणीला लागलेली. रुडोलश्टाटला दोन तास उतरलो, ते हायडेक्सबुर्ग राजवाड्यासाठी. तो टेकडीवर आहे, चढण दमवणारी, वरून गाव छान दिसतं, इतकंच.

खरी गंमत खाली गावात सापडली. इथे 'अँकर' नावाच्या दगडी ठोकळ्यांच्या पेट्या बनतात. लाकडी नाहीत हं, दगडीच म्हणायच्या : वाळू, खडू आणि जवसाचं तेल एकत्र दाबून केलेले. रंग तीनच. विटेसारखा लाल, पिवळसर, आणि पाटीसारखा निळा. फ्रोबेलच्या ठोकळ्यांवरून ही कल्पना सुचली ओटो आणि गुस्ताव लिलिएनथाल या भावांना. यातला ओटो तोच, जो पुढे पंख लावून टेकडीवरून उडाला आणि विमानविद्येच्या इतिहासात गेला! भावांना धंदा जमला नाही. त्यांनी कृती विकली, आणि रुडोलश्टाटच्या रिश्टर नावाच्या कारखानदाराने १८८० च्या दशकात त्यावर बक्कळ पैसा केला. पूर्व जर्मनीच्या काळात, १९६३ मध्ये, कारखाना बंद पडला. १९९५ मध्ये पुन्हा सुरू झाला.

मी एक छोटी पेटी घेतली. वजन बघून घ्या, विमानात सामानाची मर्यादा आठवते. माझ्या दोन साड्या आणि लोणच्याची रिकामी बरणी भाचीकडेच राहिली.

बाड ब्लांकेनबुर्ग छोटं आहे. इथे पूर्वी लव्हेंडर पिकायचं, म्हणून ते स्वतःला लव्हेंडरचं गाव म्हणवतं. आम्ही महिनाभर लवकर गेलो, फुलं नव्हती, साबण होते. गावावर ग्राइफेनश्टाइन किल्ल्याचे भग्न अवशेष. आणि गल्लीत एका चढावर फ्रोबेल संग्रहालय, 'तळघरावरचं घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत. फ्रोबेलने मुलांना गोळा करून खेळवायला सुरुवात केली ती ह्या घरात.

मी आत शिरले आणि समोर काचेत ते सहा चेंडू. लाल, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा, जांभळा. प्रत्येकाला दोरी. एवढेसे! मला इतकी वर्षं वाटत होतं क्रिकेटच्या चेंडूएवढे असतील. हे तर लिंबाएवढे. अर्थात, तान्ह्या मुलाच्या मुठीत मावायला हवेत ना. पाठ्यपुस्तकात मापं नव्हती आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

तिथल्या बाईंनी मुलांच्या खोलीत बसवलं आणि लाकडी गोल, घन, वृत्तचिती हातात दिली. ही खेळायची प्रत, काचेतली नव्हे. मग दोरीला टांगून वृत्तचिती गरकन फिरवली, आणि फिरता फिरता तिच्यात गोल दिसायला लागला. घन फिरवला तर त्यात वृत्तचिती. चिरंजीव ओरडले, "परत!" बाईंनी परत फिरवलं. "परत!" मी मनात म्हटलं, अगं बाई, दुसरी देणगी म्हणजे हे होय. मी लिहिलं होतं, 'यातून बालकास आकारांचे साम्य व भेद कळतात.' कसे कळतात ते आज कळलं.

पुढच्या कपाटासमोर मात्र मी जरा वेळ उभीच राहिले. त्यात होत्या कागदी चटया. रंगीत पट्ट्या, एक वर एक खाली, मग नक्षी बदलत जाणारी. अहो, हे तर माझं! बत्तीस वर्षं दर श्रावणात घोटीव कागद कापून मी पोरांकडून हेच करून घेतलं. चटईकाम, मणी ओवणं, टोचून चित्र करणं, घड्या घालणं. हे आपल्याकडे कायमचं आहे, आज्यांच्या काळापासून, अशी माझी समजूत. ह्यालाच तो 'व्यवसाय' म्हणायचा, ज्याचं उत्तर मी पाठ केलं होतं, आणि जो मी रोज करत होते, पण ह्या दोन्हींची गाठ कधी पडली नव्हती.

त्या बाईंनी मला कागदाचा तारा करून दाखवला. मी त्यांना आधी दौत करून दाखवली, मग राजा-राणीची होडी. दौत त्यांना ठाऊक नव्हती. भाची दुभाषी म्हणून उभी होती, पण कागद हातात आल्यावर तिची गरज उरली नाही. निघताना दौत त्यांनी टेबलावर ठेवून घेतली, आणि त्यात एक पेन्सिल उभी केली.

जेवायला 'थुरिंगर क्लोसं'. कच्चा बटाटा किसून, पिळून, त्यात थोडा शिजवलेला मिसळून केलेले मुठीएवढे गोळे, उकळत्या पाण्यात शिजवलेले, पोटात तळलेल्या पावाचे दोन तुकडे. दिसायला उकडीचा मोदक कळ्या न पाडता वळावा तसा. चव सौम्य, जवळजवळ नाहीच, म्हणून बरोबर लाल कोबी आणि मटणाचा रस्सा असतो. शाकाहारी माणसाने आळंब्यांचा रस्सा मागावा, बहुतेक ठिकाणी मिळतो. मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. जावई टेबलाखाली तोंड लपवत होते, मग त्यांनीही घेतली.

दिवस तिसरा, गुरुवार : काइलहाउची पायवाट

आजचा बेत असा होता : बसने काइलहाउ गावी जायचं आणि तिथून डोंगर ओलांडून ब्लांकेनबुर्गला पायी यायचं, जसा फ्रोबेल यायचा तसं. थांब्यावर अर्धा तास उभे राहिल्यावर एका आजोबांनी सांगितलं, आज सुट्टी आहे, बस नाही. येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. भाची इथे सहा वर्षं राहते आणि तिने वेळापत्रक साध्या दिवसाचं पाहिलं होतं! ज्यांना खेड्यांत जायचं आहे त्यांनी सुट्ट्यांची यादी आधी काढा. रविवारी आणि सुट्टीला खेड्यातली बस धरून चालू नये.

म्हणून पायीच गेलो, आणि पायीच आलो. माझे गुडघे अजून तो दिवस विसरलेले नाहीत.

पण वाट सुरेख. बीच झाडांचं जंगल, कोवळी पानं इतकी हिरवी की उजेडसुद्धा हिरवा वाटावा. आणि दर वळणावर पुरुषांचे घोळके! हातगाडी ओढत चाललेले, गाडीत बिअरच्या पेट्या, गाणी, एकाच्या डोक्यावर फुलांची टोपी. भाचीने सांगितलं, हाच दिवस इथे 'पुरुषांचा दिवस' म्हणून साजरा होतो, बायका-मुलं घरी ठेवून मंडळी रानात फिरतात. त्यांनी आम्हाला बिअर देऊ केली, चिरंजीवांना गाडीत बसवून दोनशे पावलं ओढून नेलं. मी विचारलं, इथला फ्रोबेल माहीत आहे का? एकजण छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी फ्रोबेल शाळेत होतो." बाकीचे हसले, म्हणजे खरं असावं किंवा नसावं.

काइलहाउ दरीतलं टीचभर खेडं. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत फ्रोबेल स्वयंसेवक म्हणून गेला, तिथे त्याला मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल हे दोन जिवाभावाचे मित्र मिळाले. त्याच वर्षी त्याचा भाऊ टायफसने गेला. भावाच्या विधवेने मुलांना शिकव म्हणून बोलावलं, तेव्हा १८१६ मध्ये ग्रीसहाइम गावात पुतणे गोळा करून त्याने शाळा काढली, आणि १८१७ मध्ये ती इथे आणली. शाळा अजून आहे, फ्रोबेलच्याच नावाने. सुट्टीमुळे सगळं बंद. बाहेरच्या बाकावर बसून पोळीभाजी खाल्ली.

१८२६ मध्ये त्याने इथेच 'माणसाचं शिक्षण' हे आपलं मोठं पुस्तक लिहिलं. (मी ते वाचायला घेतलं होतं, भाषांतर. वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. शिकवायला हा माणूस जेवढा मोकळा, लिहायला तेवढाच अवघड.) मग शाळेवर संशय, पैशांची ओढाताण, काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये, तिथे बुर्गडॉर्फचं अनाथालय. तिथे त्याच्या ध्यानात आलं की शाळेत येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, सुरुवात त्याच्याही आधी करायला हवी. १८३७ मध्ये तो ब्लांकेनबुर्गला आला तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. माझ्या निवृत्तीच्या वयाला फार तर तीन वर्षं कमी.

परतीच्या वाटेवर ती जागा लागते, झाडी अचानक उघडते आणि खाली सगळं ब्लांकेनबुर्ग पसरलेलं दिसतं. 'फ्रोबेलब्लिक' म्हणतात, फ्रोबेलची नजर. १८४० च्या वसंतात तो मिडेनडॉर्फ आणि बारोप या सहकाऱ्यांबरोबर ह्याच वाटेने येत होता. संस्था काढली होती पण तिला नाव सापडत नव्हतं. आधीचं नाव फारच लांबलचक. चालताना सारखं पुटपुटत होता, नाव हवं, नाव हवं. इथे तो एकदम थांबला, डोळे चमकले, आणि डोंगरांना ऐकू जाईल असा ओरडला, 'युरेका! किंडरगार्टन!' हे बारोपने लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी २८ जूनला ब्लांकेनबुर्गच्या नगरभवनात त्या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली.

मी जावयांना सांगत होते की बाग हा नुसता अलंकार नव्हता. त्याने खरोखर बाग आखली होती. मधे किंवा भोवती सगळ्यांचे सामाईक वाफे, आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा, नावाची पाटी लावलेला. आपल्या वाफ्यात हवं ते पेरायचं, सामाईक वाफ्यात सगळ्यांनी मिळून राबायचं. मला बोर्डी-कोसबाड आठवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ माँटेसोरीच्या वाटेने गेल्या, फ्रोबेलच्या नव्हे, पण वाड्यांवर मुलांना गोळा केलं ते अंगणात, आणि नाव दिलं अंगणवाडी. त्याला बाग सुचली, ह्यांना अंगण. आमच्या गावातल्या नव्या केजीला मात्र तिसरा मजला आणि लिफ्ट आहे.

ब्लांकेनबुर्गची ती पहिली बाग टिकली नाही. दहा-दहा थालरचे शेअर काढले होते, बायकांना आवाहन केलं होतं, पण शेअर फारसे खपले नाहीत. १८४४ मध्ये पैशाअभावी ती बंद पडली. खाली उतरताना मी हे सांगितलं तर जावई म्हणाले, "स्टार्टअप होतं म्हणजे."

संध्याकाळी ऱ्हुबार्बचा केक. देठ असतो लाल, आंबटपणा थेट चुक्याचा, आणि वर साखरेचा चुरा. दोन तुकडे खाल्ले. चालणं झालं होतं, हिशेब बरोबर.

दिवस चौथा, शुक्रवार : ओबरवाइसबाख

जन्मगावी जायला मजेशीर रेल्वे आहे. ब्लांकेनबुर्गहून रोटनबाख, तिथून श्वार्त्सा नदीच्या अरुंद दरीतून ओब्स्टफेल्डरश्मीडे. (हे नाव चिरंजीव अस्खलित म्हणतात. मला चार प्रयत्न लागले.) तिथून डोंगररेल्वे : दोरखंडाने ओढला जाणारा डबा, दीड किलोमीटरपेक्षा कमी अंतरात ३२३ मीटर वर चढतो. चढ चारास एक. १९२० च्या दशकात सुरू झालेली, आणि गंमत म्हणजे एका बाजूला डबा नसून नुसता फलाट असतो, ज्यावर खालच्या रुळांवरचा अख्खा डबा चढवून वर नेता येतो. उन्हाळ्यात त्यावर उघडा डबा ठेवतात. त्यात बसा, पण जॅकेट घाला. खाली बावीस अंश होतं, वर धुकं आणि गार वारा.

गावातलं चर्च बघून थक्क झाले. एवढ्याशा गावाला दोन हजार माणसं बसतील असं देऊळ! फ्रोबेलचे वडील ह्या चर्चचे पाद्री. आसपासच्या खेड्यांचीही जबाबदारी त्यांच्यावर, घरात लक्ष कमी. घर चर्चच्या जवळच, तिथे आता संग्रहालय.

इथे २१ एप्रिल १७८२ ला तो जन्मला. नऊ महिन्यांचा असताना आई गेली. काही वर्षांनी सावत्र आई आली, सुरुवातीला तिने माया केली, ह्यानेही जीव लावला. मग तिला स्वतःचा मुलगा झाला. फ्रोबेलने पुढे एका पत्रात लिहिलं आहे की त्यानंतर तिने त्याला 'तू' म्हणणं सोडलं. त्याच्याशी बोलताना ती 'तो' म्हणायची. समोर उभ्या पोराला. 'त्याने इथे यावं.' 'त्याने हात धुवावेत.'

मी भाचीला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मराठीत हे सांगायला काही समजवावंच लागत नाही. कुठल्या घरात कोण कोणाला 'तू' म्हणायचं बंद झालं की काय होतं ते आपल्याला ठाऊक असतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, ती बाहुलीशी बोलताना 'अहो' म्हणायची. वर्षभराने कारण कळलं. असो.

वडिलांचं गावातल्या मुलांच्या शाळेच्या मास्तरांशी पटत नव्हतं, म्हणून पोराला घातलं मुलींच्या शाळेत. दहाव्या वर्षी मामा श्टाटइल्मला घेऊन गेला, तिथे त्याला पहिल्यांदा मोकळं हुंदडायला मिळालं. आईवेगळं, दुर्लक्षित पोर, म्हातारपणी आई आणि बाळासाठी गाणी-खेळांचं पुस्तक काढतं (१८४४). ह्याचा अर्थ लावायला मानसशास्त्राचा पेपर लागत नाही.

त्याच घरात अर्धा भाग आहे औषधवाल्यांचा. ह्या डोंगरातले लोक जडीबुटीची तेलं, अर्क, मलमं बनवायचे आणि पाठीवर लाकडी घडवंची बांधून युरोपभर विकत हिंडायचे. 'बुकेलआपोटेकर', पाठीवरचे वैद्य. मला थेट आपले वैदू आठवले. दुकानात अजून तसला अर्क मिळतो. भाचीने पोटासाठी म्हणून घेतला, लेबल वाचल्यावर कळलं त्यात मद्य बरंच आहे. पोट खरंच बरं वाटलं म्हणे.

इथे जेवणाचे पर्याय कमी आहेत आणि दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं. आम्हाला पाव, मुळा आणि चीजवर भागवावं लागलं. डबा न्या.

दिवस पाचवा, शनिवार : श्वाइना

हे ठिकाण दूर आहे, थुरिंगियाच्या पश्चिम टोकाला. येनाहून सकाळी सातला निघालो, एरफुर्ट, आयझेनाख, बाड झाल्त्सुंगेन असं बदलत, मग बस. पोचायला अकरा. मुक्काम करता आला तर बाड लीबेनश्टाइनला करावा, नाहीतर दिवस गाड्यांतच जातो.

१८४९ मध्ये फ्रोबेल इथे आला. तेव्हा लीबेनश्टाइनला औषधी पाण्यासाठी बडी मंडळी यायची. त्यात एक उमराव बाई, बेर्था फोन मारेनहोल्त्स-ब्यूलो. घरमालकिणीने तिला गावची बातमी सांगितली, की एक म्हातारा आलाय, गावातल्या पोरांबरोबर नाचतो-खेळतो, लोक त्याला 'म्हातारा खुळा' म्हणतात. बाई मुद्दाम बघायला गेली. आणि पुढे तिनेच हा विचार युरोपभर नेला. १८५० च्या ४ ऑगस्टला जवळच्या आल्टनश्टाइन राजवाड्याच्या आवारात तीनशे मुलांचा खेळमेळा भरवला त्याने. ते उद्यान पाहण्यासारखं आहे, प्रचंड झाडं, हिरवळ, आणि त्या दिवशी पाऊस. चिरंजीवांनी चिखलाची विजार आणली होती. माझ्याकडे छत्री होती, पण ह्या वयात मलाही तसली विजार हवी असं वाटलं खरं.

मेळ्यानंतर वर्षभरानेच, ७ ऑगस्ट १८५१ ला, प्रशिया या तेव्हाच्या बड्या जर्मन राज्याच्या शिक्षणमंत्र्याने, फोन राउमरने, किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण काय? नास्तिक आणि समाजवादी शिकवण. त्यात फ्रोबेल आणि त्याचा पुतण्या कार्ल यांची गल्लत केलेली. कार्लने मुलींच्या शिक्षणावर पुस्तिका काढली होती. फ्रोबेलने खुलासा पाठवला, उपयोग झाला नाही. सुदैवाने हा भाग प्रशियात नव्हता, म्हणून इथलं मारिएनथालचं त्याचं काम चालू राहिलं. तिथेच तो बायकांना बालशिक्षिका म्हणून तयार करत होता. पण मनाला लागलंच असणार. २१ जून १८५२ ला तो गेला. बंदी उठली १८६० मध्ये.

आपण मुलांना गाणी म्हणायला लावतो, चिखल कालवायला लावतो, ह्याचीही कुठल्या सरकारला भीती वाटली होती, हे मला कोणी नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. शिपाईसुद्धा आम्हाला 'नुसत्या खेळवणाऱ्या बाई' म्हणायचा.

श्वाइनाच्या दफनभूमीत थडगं शोधावं लागत नाही. खाली दगडी घन, त्यावर वृत्तचिती, त्यावर गोल. दुसरी देणगी, माणसापेक्षा उंच. मिडेनडॉर्फने सुचवलेला आराखडा. दगडावर त्याचंच वाक्य : या, आपण आपल्या मुलांसाठी जगू या. मी घरून एक लोकरीचा चेंडू विणून आणला होता, लाल. भाचीला सांगितलं नव्हतं, हसेल म्हणून. तो पायथ्याशी ठेवला. चिरंजीव ताबडतोब घेऊन पळाले, दोन थडग्यांभोवती फिरून आले आणि वर बोट दाखवून म्हणाले, "कुगेल, वाल्त्से, व्युर्फेल." गोल, वृत्तचिती, घन. संग्रहालयातल्या बाईंनी शिकवलं होतं. मग : "आजी, वरचा काढून दे ना, फिरवायचाय."

चेंडू परत ठेवायचा आग्रह मी धरला नाही. तो पुण्याला न येता येनाला गेला.

परतीच्या बसला पन्नास मिनिटं होती. शनिवारी फेऱ्या कमी, हे लक्षात ठेवा, आणि थांब्याजवळ चहाचं दुकान वगैरे काही नाही. पाऊस थांबला होता. रस्त्याच्या कडेने उताराला पाणी वाहत होतं. पिशवीत आल्टनश्टाइनचं माहितीपत्रक होतं, त्याची मी राजा-राणीची होडी केली. पहिली बुडाली, कागद चकचकीत असूनही. दुसरी चालली. चिरंजीव तिच्या कडेकडेने वाकून चालत होते, मागे जावई, त्यांच्यामागे छत्री घेऊन भाची.

बस आली तेव्हा होडी एका जाळीशी अडकली होती आणि पोर हलायला तयार नव्हतं. भाची धावत जाऊन ड्रायव्हरला काहीतरी सांगू लागली. त्याने घड्याळ पाहिलं, मान वाकडी करून गटाराकडे पाहिलं, आणि दोन बोटं वर केली.

"मावशी, दोन मिनिटं आहेत म्हणतोय. काठी बघ कुठे मिळते का."